झाडांच्या नावांची वही

मी राहतो त्या भागाचा पत्ता थिबा राजाचे नाव घेतल्याखेरीज सांगता येत नाही. रिक्षावाला विचारतो, "पॅलेसच्या अलीकडे की पलीकडे?" आणि मी "अलीकडे" म्हणतो, तो राजा कोण, कुठला, इथे कसा आला, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच मनात येत नाही. इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले घेतले, ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, या शेवटच्या राजाला राणी आणि मुलींसह बोटीवर चढवले आणि मद्रासमार्गे १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. आज आपण ज्याला पॅलेस म्हणतो ती वास्तू १९१० साली पुरी झाली. तिच्यात सहाएक वर्षे काढून डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला, आणि त्याची समाधीही याच गावात आहे.

याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंत ते मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत. शाळेत आमचे गुरुजी हा नियतीचा खेळ म्हणून सांगत आणि आम्ही माना डोलवत असू. आता वाटते, त्यात नियतीचा काही संबंध नव्हता. ती सरकारी रीत होती. ज्याच्याभोवती माणसे जमतात त्याला त्या माणसांपासून उचलायचे आणि जिथे त्याची भाषाही कोणाला समजणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवायचे. फाशी देण्यापेक्षा हे सोपे जाते, आणि नावही फारसे खराब होत नाही.

ब्रह्मदेशाशी माझे नाते एवढेच, पत्त्यापुरते. आजी कधीमधी युद्धाआधीच्या रंगूनच्या तांदळाची आठवण काढायची आणि तो बंद झाल्यावर रेशनवर मिळालेल्या धान्याला शिव्या घालायची, तेवढे आणखी एक. पण १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रंगूनमध्ये रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजू लागली, तेव्हा मी त्या बातम्यांत गुंतत गेलो. घरातले अरिष्ट हाकलायला भांडी बडवायची ही तिथली जुनी चाल आहे म्हणतात. आमच्या गल्लीतही त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये थाळ्या वाजल्या होत्या, पण त्या वाजवायला सांगितले होते म्हणून वाजल्या. कोणी सांगितलेले नसताना, उलट वाजवली तर दारावर बंदुकीचा दस्ता बसेल हे ठाऊक असताना वाजलेली पातेली कशी ऐकू येत असतील, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

अर्थात पातेल्याच्या आवाजाने लष्कर जात नाही. वर्तमानपत्रांना छायाचित्रे हवी असतात, त्यामुळे आपल्यापर्यंत निषेधाची खूण म्हणून तीन बोटे उंचावलेली तरुण मुले पोहोचतात, आणि लष्कराच्या पायाखाली शकुन बिघडावा म्हणून रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून वाळत घातलेल्या बायकांच्या लुंग्या पोहोचतात. सत्तेला खरा धक्का बसला तो वेगळ्या गोष्टीने. सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी काम थांबवले, मग शिक्षकांनी, रेल्वेवाल्यांनी, बँकवाल्यांनी. आमच्या भाषेत या सगळ्याला आधीपासून नाव आहे, सविनय कायदेभंग. मी स्वतः चौतीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढली असल्यामुळे बँका आठवडेच्या आठवडे बंद राहणे म्हणजे काय याची मला थोडी कल्पना आहे. पगार अडकतात, व्यापाऱ्याचा चेक अडकतो, आयातीची कागदपत्रे टेबलावर पडून राहतात, आणि हुकूम देणाऱ्याला कळते की हुकूम पोहोचवणारा माणूसच जागेवर नाही.

पण संपावर गेलेल्या माणसाच्या घरी संध्याकाळी भात शिजवावा लागतोच. १० मार्च २०२१ रोजी सैनिक आणि पोलीस रंगूनमधल्या मा ल्वा गोन येथील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत शिरले. जो कामावर येणार नाही त्याला क्वार्टरमध्ये राहता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. बायकामुले गाठोडी घेऊन बाहेर पडली. ही बातमी वाचताना माझ्या मनात आले की या क्षणी प्रश्न लोकशाहीचा राहत नाही, पडवी कोणाची रिकामी आहे असा होतो. आज रात्री या आठ जणांना कोण घरात घेणार, आणि उद्या, आणि पुढच्या महिन्यात? शिरोडे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. तिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या हे आम्हाला शाळेत शिकवले गेले, पण त्यांच्यासाठी पेज कोणी रांधली हे कोणत्याही धड्यात नव्हते.

आमच्या घरात मात्र पेजेचा हिशेब राहिला आहे. तो एका वहीत आहे.

शंभर पानांची, पाठीला लाल कापड लावलेली, दुकानात उधारी लिहायला असते तशी ही वही वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मृत्यूनंतर राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी, भाताच्या कणगीमागे सापडली. अण्णा प्राथमिक शिक्षक होते आणि तरुणपणी सेवा दलाच्या शाखेत जाऊन आलेले होते. एवढ्याने कोणी क्रांतिकारक होत नाही आणि तेही झाले नाहीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या भागाचे खासदार प्रा. मधु दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळूरला गेले होते, तिथेच त्यांना पकडले आणि तिथल्याच तुरुंगात ठेवले. पुढे देशभरात स्थानबद्ध केलेल्यांची आणि अटकेतल्यांची संख्या एक लाख दहा हजारांवर गेली असे चौकशीत निघाले. आमच्यासारख्या खेड्यात मात्र आणीबाणी आकड्यांनी कळली नाही. पेपरात काही नसते म्हणून कळली. अण्णा 'साधना' वाचून झाली की तिच्यात काय छापलेले आहे यापेक्षा काय छापू दिले नसेल यावरच अधिक बोलत, आणि तेही दार लावून.

वहीच्या डाव्या पानांवर जमा आहे, उजव्या पानांवर खर्च. जमेच्या बाजूला एकाही माणसाचे नाव नाही. "रायवळ, ४ रु." "फणस, तांदूळ १ पायली." "रतांबा, २ रु." "सातवीण, नारळ ११." "बकुळ, १ रु., पुढच्या महिन्यापासून नको." "उंडील, कुळीथ अर्धी पायली." खर्चाच्या बाजूला "घर पहिले", "घर दुसरे", "घर तिसरे": तांदूळ, गोडे तेल, मुलाची परीक्षा फी, एकदा एस.टी.चे तिकीट, एकदा चष्म्याची काच. ही घरे ज्यांचे कर्ते आत होते त्यांची. प्रत्येक महिन्याच्या शेवटी बाकी काढलेली आहे आणि तिच्यापुढे दोन खुणा आहेत, एक अण्णांच्या निळ्या शाईची आणि एक हिरव्या शाईची. म्हणजे पकडले गेलो तर नोकरी जाईल अशा कामातही दुसरे कोणीतरी येऊन हिशेब तपासून जात होते. वहीतली सर्वांत मोठी बाकी ३१ रुपये ४० पैसे आहे. मी आयुष्यभर ऑडिट पाहिली, पण त्या हिरव्या टिकांइतके गांभीर्याने केलेले ऑडिट मला आठवत नाही.

तांदूळ गोळा कसा होई तेही थोडे आठवते. शनिवारी आमच्या पडवीत भजन असे. भजनाला माणसे जमली तर कोणी विचारत नाही. मृदंग, टाळ, मधे चहा, आणि जाताना एखाद्याची पिशवी आली त्यापेक्षा हलकी झालेली. एकदा दोन अनोळखी माणसे भजनाला येऊन बसली होती, त्यांना एकही अभंग येत नव्हता आणि ते चुकीच्या जागी टाळ वाजवत होते. रात्री पेज जेवून ती पहाटे निघून गेली आणि मागे सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांची एक चळत राहिली. ती मी दुसऱ्या दिवशी दप्तरातून शेजारच्या गावी नेऊन दिली. कागदावर काय आहे ते मी वाचले नाही. आज त्याचा पश्चात्ताप होतो.

घरांना झाडांची नावे देण्याची युक्ती मला प्रथम फार चतुर वाटली होती. नंतर लक्षात आले की ती चतुर अजिबात नव्हती. आमच्याकडे कोणाच्या परड्यात कोणते झाड आहे हे शेंबडे पोर सांगेल. बाहेरून आलेल्या फौजदाराला त्या वहीतले काही कळले नसते, पण गावातल्या कुणालाही सगळे कळले असते. वही राखली होती ती सगळ्या गावाच्या बंद तोंडाने, आणि त्या बंद तोंडाविषयी पुढे लिहायचे आहे.

ब्रह्मदेशातल्या चळवळीविषयी जे जे वाचत गेलो त्यात मला अशाच वह्या दिसू लागल्या. मार्च १९६२ मध्ये ने विनने सत्ता घेतली आणि त्या जुलैत विद्यापीठातली विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंगाने उडवली. संघटना म्हणजे काय हे त्या सेनापतीला पुरते कळले होते, म्हणून त्याने आधी बसायची जागा उडवली. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ च्यातच्या (च्यात हे तिथले चलन) नोटा एका घोषणेने, मोबदला न देता रद्द झाल्या; त्यांच्या जागी ४५ आणि ९० च्या नोटा आल्या, कारण नवाने भाग जाणारे आकडे सेनापतीला लाभतात अशी त्याची समजूत होती असे सांगतात. लोकांची बचत रातोरात कागद झाली. ८ ऑगस्ट १९८८ रोजी सकाळी आठ वाजून आठ मिनिटांनी रंगून बंदरातले गोदी कामगार काम टाकून बाहेर पडले आणि शहर त्यांच्या मागे गेले. बंदरावर बोट भरायची थांबली की काय होते हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मारल्या गेलेल्यांचा आकडा तीन हजार असा बहुतेक ठिकाणी देतात. मे १९९० मध्ये निवडणूक झाली, विरोधी पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, आणि सत्ता मिळालीच नाही.

त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच हलत नव्हते. मला मात्र तोच काळ सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. २००१ साली क्याव थू नावाच्या सिनेनटाने काही जणांबरोबर एक संस्था काढली. ती काय करायची, तर गरिबांच्या प्रेतांना फुकट गाडी द्यायची आणि अंत्यसंस्कार करायची. रंगूनमध्ये मेलेल्या माणसाला स्मशानात पोहोचवणे गरिबाला परवडेनासे झाले होते. अंत्ययात्रेवर कोणते सरकार बंदी घालणार? माणसे वर्गणी देऊ लागली, गाडी चालवायला, खांदा द्यायला येऊ लागली. पावत्या, नोंदवह्या, कोणत्या वॉर्डात कोणावर भरवसा ठेवता येतो याचे ज्ञान, सगळे हळूहळू जमत गेले. २००७ साली इंधनाचे भाव अचानक वाढवले गेले, भिक्षू रस्त्यावर आले आणि लष्कराकडून भिक्षा न घेण्याची खूण म्हणून त्यांनी आपली पात्रे पालथी केली, तेव्हा त्यांना अन्नपाणी देणाऱ्यांत हा नट होता आणि त्याबद्दल त्याला अटकही झाली.

मग २ मे २००८ च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखावर आले. मृत आणि बेपत्ता मिळून एक लाख अडतीस हजार. लष्कराने परदेशी मदत कित्येक दिवस दारातच अडवून धरली, आणि त्याच आठवड्यात, १० मे रोजी, नव्या संविधानावर सार्वमत घेतले. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्कराला राखून ठेवणाऱ्या त्या संविधानाला ९२ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला असे जाहीर झाले. प्रेते अजून खारफुटीत अडकलेली होती. अशा वेळी रंगूनमधून दुकानदार, डॉक्टर, कॉलेजची मुले, बौद्ध मठ, चर्चची माणसे आपापल्या गाड्यांत तांदूळ आणि ताडपत्र्या भरून निघाली. झारगनार या विनोदी नटाने अशी शेकडो माणसांची फळी उभी केली आणि परदेशी वार्ताहरांना खरे काय ते सांगितले, तर त्याला ५९ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे ३५ वर केली. ताडपत्री वाटण्याची शिक्षा पस्तीस वर्षे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले त्यानंतर चार दिवसांनी मी भाच्याबरोबर दापोलीकडे गेलो होतो. सुपारीच्या बागा एका दिशेने विंचरल्यासारख्या आडव्या झालेल्या. रस्त्यातली झाडे वाडीवाडीतल्या लोकांनी कोयत्या-करवतींनी तोडून बाजूला केली होती, एका विहिरीवर जनरेटर लावून पाच वाड्यांचे पाणी भरले जात होते आणि कोणाचा नंबर कधी हे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले होते. वीज यायला कित्येक आठवडे लागले. लोक संतापलेले होते, अधिकाऱ्यांना नावाने शिव्या देत होते, तलाठ्याला घेरून पंचनाम्यातली चूक दाखवत होते. त्या शिव्या ऐकताना मला बरे वाटले हे कबूल केले पाहिजे. ज्याला शिवी द्यायची त्याचे नाव मोठ्याने घेता येणे, आणि संध्याकाळी घरी परतता येणे, याची किंमत मला ब्रह्मदेशाचे वाचूनच कळली होती.

कायद्यांचे पाहिले तर आणखी गंमत आहे, जर गंमत म्हणायची असेल. आपल्याकडे २०२४ पर्यंत असलेले जमावबंदीचे १४४ कलम त्यांच्याकडेही १४४ च; २०२१ मध्ये पाचांहून अधिकांनी जमू नये म्हणून तेच लावले. बेकायदा संघटनांविरुद्धचा जो कायदा तिथे आजही लोकांना आत टाकायला वापरतात तो हिंदुस्थान सरकारने १९०८ साली केलेला आहे, ज्या वर्षी टिळकांना मंडालेला पाठवले त्याच वर्षी. गोरा साहेब दोन्ही देशांतून गेला, पण कपाटातल्या फायली तशाच राहिल्या आणि नव्या साहेबांनी त्या झटकून घेतल्या. एक नियम मात्र वाचून मला गावचे घर आठवले: तिथे रात्री मुक्कामाला पाहुणा आला तर त्याची वॉर्डाच्या कचेरीत नोंद करावी लागते, आणि ती केली आहे की नाही हे पाहायला मध्यरात्री माणसे दार वाजवतात. मधे काही वर्षे हा नियम ढिला झाला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पुन्हा कडक केला. चतुर्थीच्या दिवसांत आमच्या घरी मुंबईहून आलेली माणसे मोजायला आईलासुद्धा ताटांवरून अंदाज घ्यावा लागतो. त्या घराला अशी नोंद करायला लावली तर सण उरणार नाही, आणि अण्णांच्या भजनाला आलेले ते दोन बेसूर पाहुणे तर दारातूनच परतले असते.

खबऱ्याला तिथे 'दलान' म्हणतात. शब्द कानाला दलालाजवळचा वाटतो, तेवढ्यावरून मी काही सिद्ध करत नाही. दलानाची भीती किती लांब जाते हे मी समाधीपाशी पाहिले. थिबाच्या समाधीला अधूनमधून ब्रह्मी यात्रेकरू येतात. डिसेंबर २०१२ मध्ये तर त्या देशाचे तेव्हाचे अध्यक्ष, स्वतः माजी सेनाधिकारी असलेले थेन सेन, येऊन वंदन करून गेले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फिरायला गेलो असता पाच-सहा जण गुडघे टेकून बसलेले दिसले. एक वयस्क बाई हातातल्या फुलांचे देठ नखाने खुडून सारखे करत होत्या. बरोबरच्या तरुणाला थोडे इंग्रजी येत होते. मी त्याला म्हटले, आजींना विचारा, आता तिकडे कसे आहे? त्याने माझ्याकडे पाहिले, मग बरोबरच्या दुसऱ्या दोघांकडे पाहिले, आणि आजींना माझा प्रश्न सांगितलाच नाही. "ऊन खूप आहे," असे तो मला म्हणाला. डिसेंबर होता. सकाळचे आठ वाजले होते.

इथे बंद तोंडाकडे वळतो.

आणीबाणीत आमच्या गावाने अण्णांची वही राखली. त्याच गावाने १९७७ च्या शिमग्यात खालच्या वाडीतले एक घर वाळीत टाकले. त्या घरच्या कर्त्याने शेताच्या बांधाचा वाद गावकीपुढे न आणता थेट कोर्टात नेला होता, आणि गावकीने ठोकलेला दंड भरायला नकार दिला होता. त्या दिवसांत कोर्ट हा शब्दच आमच्याकडे विचित्र वाजत होता. आदल्या वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले होते की आणीबाणी चालू असताना स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे मत देऊन उभे राहिले. अण्णांनी तो निकाल कुठून तरी मिळवून आईला वाचून दाखवल्याचे मला आठवते. बांधासाठी कोर्टाचे दार ठोठावणारा माणूस आमच्याच गावात होता, आणि त्याची शिक्षा आम्ही ठरवली.

वाळीत टाकणे म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. विहिरीवर बोलायचे नाही, लावणीला हात द्यायचा नाही, दुकानात वस्तू द्यायची नाही, मयताला जायचे नाही. सर्वांत वर्मी लागणारी गोष्ट शिमग्यात होते. ग्रामदेवतेची पालखी प्रत्येक घरी जाते, अंगणात नाचते, घरची बाई ओटी भरते. ती पालखी त्या घरासमोरून न थांबता पुढे नेतात. मी ते पाहिले. त्या घरापुढचे अंगण शेणाने सारवलेले होते, रांगोळी घातलेली होती, ओटीचे तांदूळ आणि नारळ पाटावर ठेवलेले होते. ढोल त्या अंगणाशी आल्यावर हळू झाले नाहीत. पालखीच्या मागे अण्णा होते, त्यांच्या मागे मी. त्यांनी मान खाली घातली नाही किंवा वळवलीही नाही, ते सरळ चालत गेले. त्याच महिन्यात निवडणूक झाली, प्रा. दंडवते प्रचंड मतांनी निवडून आले, २१ मार्चला आणीबाणी उठली, आणि आमच्या पडवीत भजनाऐवजी उघड सभा झाली, तिच्यात अण्णा स्वातंत्र्यावर चांगले बोलले.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, त्यामागे रायगड-रत्नागिरीतल्या अशा अनेक घरांच्या तक्रारी होत्या. पण मला इथे प्रश्न कायद्याचा पडत नाही. ज्या गोष्टीने वही राखली तीच गोष्ट पालखी पुढे नेत होती, हे मला उलगडत नाही. ब्रह्मदेशातही तसेच दिसते. १९८८ च्या ऑगस्टमध्ये सरकारी माणसे वॉर्डावॉर्डांतून मागे हटली तेव्हा भिक्षू आणि विद्यार्थ्यांनी समित्या करून गस्त, धान्य, पाणी सगळे सांभाळले. आणि त्याच आठवड्यांत, पाण्यात विष कालवायला आलेले खबरे म्हणून पकडलेल्या काही जणांची भर रस्त्यात मुंडकी उडवली गेली. २०२१ मध्ये लोकांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांची, परदेशी शिकणाऱ्या मुलांचीसुद्धा, नावे आणि छायाचित्रे उघड करून त्यांच्याशी संबंध तोडण्याची मोहीम चालवली. तिला त्यांनी सामाजिक शिक्षा असे नाव दिले. ज्यांची पोरे डोक्यात गोळी लागून पडली त्यांनी कोणाशी बोलावे हे मी रत्नागिरीच्या गॅलरीत बसून सांगू नये. तरीही तो शब्द वाचला तेव्हा मला सारवलेले अंगण दिसले.

पुढे तिथे चळवळीचा मोठा भाग हत्यारांकडे वळला. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी दिल्याचे जाहीर झाले. त्यांत १९८८ च्या विद्यार्थ्यांपैकी को जिमी होता, ज्याने आयुष्यातली वीसएक वर्षे तुरुंगात काढली होती. अहिंसेचा पाठ त्यांना आमच्याकडून घ्यायला हवा होता असे आमच्या ग्रंथालयातले एक सद्गृहस्थ म्हणाले, तेव्हा मी गप्प बसलो आणि घरी येऊन चिडलो. आमची आणीबाणी एकवीस महिन्यांत उठली, कारण ज्यांनी ती लादली त्यांनीच निवडणूक घेतली आणि निकाल मानला. ब्रह्मदेशाच्या सेनापतींनी तो १९९० साली मानला नाही आणि २०२० सालीही मानला नाही. भजनाच्या आडून तांदूळ गोळा करणे साठ वर्षे चालवावे लागले असते तर आमच्या पडवीतही शेवटी काय ठेवले गेले असते, सांगता येत नाही.

वही घेऊन मी गेल्या वर्षी आईजवळ बसलो. तिचे वय सत्त्याऐंशी आहे, डोळे गेले आहेत, पण झाडे सगळी पाठ आहेत. मी नाव वाचायचे आणि तिने घर सांगायचे. रायवळ, फणस, बकुळ, पटापट सांगत गेली. एक नाव मला कधीच लागले नव्हते: "ऐन". सप्टेंबर १९७५ पासून जानेवारी १९७७ पर्यंत प्रत्येक महिन्यात आहे, एकदाही चुकलेले नाही, आणि प्रत्येक वेळी "तांदूळ २ पायली" आहे, म्हणजे फणसाच्या दुप्पट. आमच्या वाडीत ऐन कोणाच्याच दारात नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खालच्या वाडीत होता. नंतर तोडला. त्यांना वाशांना लाकूड कोणी देत नव्हते ना तेव्हा." फेब्रुवारी १९७७ च्या पानावर ऐन नाही. त्या पानाच्या बाकीपुढे हिरवी खूणही नाही, फक्त निळी आहे. हिरवी शाई कोणाची होती हे मी आईला विचारले नाही.

त्या घरातला माझ्याबरोबर शाळेत असलेला मुलगा आता मुंबईहून निवृत्त होऊन गावी आला आहे. चतुर्थीला त्याच्याकडे गेलो आणि वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून एकेक पान पाहिले, बोटाने ऐन शोधत, सतरा महिने. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर त्याने हाताने थांबवले.

"दोन पायली म्हणजे तेव्हा आमच्याकडे चार दिवसांचे जेवण होते," तो म्हणाला. "आई सांगायची, भात कमी आहे, गुरुजींकडे पाठवायचा आहे." मग त्याने वही मिटली, माझ्याकडे दिली आणि सुनेला चहा टाकायला सांगितले.